मोकळ्या जागेचा शोध

मोटारगाडी हे धावण्यासाठी निर्माण झालेले वाहन आहे. तिची चाके, तिचे यंत्र, तिची बांधणी ही सर्व वेगाने जाण्याच्या दृष्टीने केलेली असतात. परंतु थोडा हिशेब करून पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. एखादा गृहस्थ सकाळी अर्धा तास मोटार चालवून कचेरीत जातो आणि सायंकाळी अर्ध्या तासात घरी परततो. दिवसाच्या चोवीस तासांपैकी त्याची मोटार धावते ती एकच तास. उरलेले तेवीस तास ती कोठे ना कोठे उभीच असते. रात्री घरापाशी, दिवसा कचेरीपाशी, कधी बाजारात, तर कधी रुग्णालयाबाहेर. म्हणजे मोटारीला रस्ता जितका आवश्यक, तितकीच उभे राहण्याची जागाही आवश्यक. ही जागा काही लहान नसते. एक मोटार नीट उभी करावयाची, तर सुमारे पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर इतकी भूमी लागते. एवढ्या जागेत माणसाला राहण्यापुरती एक खोली सहज बांधता येईल.

अशी जागा हवी त्या वेळी मिळाली नाही, म्हणजे काय होते, हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. मोटारचालक इष्ट स्थळी पोहोचतो, पण त्याला उतरता येत नाही. रस्त्याची कडा गाड्यांनी भरून गेलेली असते. तो हळूहळू पुढे जातो, वळतो, पुन्हा त्याच रस्त्यावर येतो. त्याचे लक्ष समोर कमी आणि कडेला अधिक असते. मागून येणारी वाहने खोळंबतात, भोंगे वाजू लागतात, पायी चालणारे बावरतात. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या गल्लीतून एखादी गाडी निघून जाते व तेथील जागा मोकळी होते. पण त्याची वार्ता या चालकाला नसते. जागा आहे आणि तिची गरज असलेला मनुष्यही आहे. केवळ एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

हा पत्ता लावून देता आला तर? प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आल्यापासून हा विचार जगातील अनेक उद्योगी तरुणांच्या मनात आला. मोकळ्या जागेची माहिती देणारे एक ॲप काढावे, म्हणजे लोकांचा त्रास वाचेल आणि आपला उद्योगही चालेल, अशी ही कल्पना. ऐकताना ती अगदी सोपी वाटते. परंतु ती प्रत्यक्षात आणताना कोणत्या अडचणी येतात आणि कोणते प्रश्न उभे राहतात, हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या अनुभवावरून चांगले समजते. त्या शहराकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचा मागील इतिहास थोडा पाहणे उपयुक्त ठरेल.

नाणे टाकावयाचे यंत्र

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. ओक्लाहोमा सिटी या शहरात दुकानांत व कचेऱ्यांत काम करणारे लोक सकाळी येऊन रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या करीत आणि थेट सायंकाळी त्या घेऊन जात. त्यामुळे खरेदीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिवसभर जागाच मिळत नसे. दुकानदारांनी याविषयी गाऱ्हाणे केले. कार्ल मगी हे त्या शहरातील एका वृत्तपत्राचे संपादक. व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीने या प्रश्नाचा विचार त्यांच्याकडे सोपविला. मगी यांनी एक युक्ती काढली. जागा सर्वांना मिळावी, पण कोणी ती दिवसभर अडवून ठेवू नये. म्हणून प्रत्येक जागेपाशी घड्याळासारखे एक यंत्र बसवावे आणि वापरणाऱ्याने त्यात नाणे टाकावे. अभियांत्रिकीचे प्राध्यापक थ्यूसेन आणि त्यांचे माजी विद्यार्थी हेल यांनी ते यंत्र घडविण्यास साहाय्य केले. १६ जुलै १९३५ रोजी असे पहिले यंत्र, म्हणजेच 'पार्किंग मीटर', ओक्लाहोमा सिटीच्या एका कोपऱ्यावर उभे राहिले. पाच सेंटचे नाणे टाकले, की एक तास गाडी उभी करता येई.

या यंत्रामुळे जागा अडवून ठेवण्याची सवय मोडली आणि दुकानदारांना गिऱ्हाईक मिळू लागले. हळूहळू ते यंत्र जगातील पुष्कळ शहरांत पोहोचले. तथापि त्यात एक उणीव होती. जागा रिकामी आहे, हे यंत्राजवळ जाऊन पाहणाऱ्यालाच कळे. दोन रस्त्यांपलीकडे असलेल्या चालकाला ते काही सांगू शकत नसे. त्याला फिरत राहणे भागच होते.

फेऱ्यांचा हिशेब

अशा फेऱ्या मारण्यात किती वेळ आणि किती इंधन वाया जाते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एका चालकाची दोन-चार मिनिटे गेली, तर त्यात विशेष ते काय, असे वाटते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचना शिकविणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप (१९३८–२०२५) यांनी मात्र याचा हिशेब करावयाचे ठरविले. विद्यापीठाला लागूनच वेस्टवुड व्हिलेज नावाचा एक लहानसा बाजारविभाग आहे. त्याचा विस्तार अवघा पंधरा चौकांचा. तेथे येणारा चालक जागा शोधण्यात किती वेळ घालवितो आणि किती अंतर फिरतो, याची शूप व त्यांचे विद्यार्थी यांनी पुनःपुन्हा मोजणी केली.

एका चालकाला जागा मिळण्यास सरासरी सुमारे सव्वातीन मिनिटे लागत आणि तेवढ्यात त्याची गाडी सुमारे अर्धा मैल, म्हणजे आठशे मीटर फिरे, असे आढळले. हा आकडा लहान आहे. परंतु त्या विभागात वर्षभर येणाऱ्या सर्व गाड्यांच्या अशा फेऱ्यांची बेरीज केली, तेव्हा ती सुमारे साडेनऊ लाख मैल, म्हणजे पंधरा लाख किलोमीटरांहून अधिक भरली! पृथ्वीचा विषुववृत्तावरील घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. म्हणजे केवळ पंधरा चौकांच्या बाजारात जागा शोधता शोधता गाड्यांनी एका वर्षात पृथ्वीभोवती जवळजवळ अडतीस प्रदक्षिणा घातल्या असे झाले. त्यापायी जळालेले पेट्रोल सुमारे ४७,००० गॅलन, म्हणजे पावणेदोन लाख लिटरांहून अधिक होते. ना कोणी कोठे गेला, ना कोणाचे काही काम झाले; केवळ धूर तेवढा हवेत मिसळला. शूप यांनी २००५ साली लिहिलेल्या पार्किंगविषयीच्या मोठ्या ग्रंथात व नंतरच्या लेखांत हे सर्व मांडले, तेव्हा नगररचनाकारांचे लक्ष या साध्या वाटणाऱ्या गोष्टीकडे वेधले गेले.

रस्त्याला फुटलेले डोळे

मोकळी जागा दाखविणाऱ्या ॲपला मुख्यतः तीन कामे करावी लागतात. पहिले काम, कोणती जागा रिकामी आहे हे ओळखणे. दुसरे, ती वार्ता त्वरित चालकापर्यंत पोहोचविणे. तिसरे, त्या जागेची वाट दाखविणे. यांपैकी दुसरे व तिसरे काम आता अवघड राहिलेले नाही. आकाशातील उपग्रहांचे संकेत ग्रहण करून भ्रमणध्वनी आपले स्थान ओळखतो आणि नकाशावर मार्ग आखून देतो. खरी अडचण पहिल्याच कामात आहे. रस्त्याच्या कडेला मोटार उभी आहे किंवा नाही, हे दूरच्या संगणकाला कळावे कसे?

याला अनेक उपाय आहेत. खांबावर कॅमेरा बसवून चित्रावरून गाड्या ओळखता येतात. मीटरमध्ये पैसे केव्हा भरले गेले, यावरूनही अंदाज बांधता येतो. काही ॲपे लोकांवरच विसंबतात. जागा सोडणाऱ्या चालकाने तशी नोंद करावी, अशी त्यांची अपेक्षा असते. सॅन फ्रान्सिस्को शहराने मात्र निराळाच मार्ग धरला. प्रत्येक जागेच्या भूमीतच एक लहान यंत्र पुरले. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे विज्ञानाच्या पुस्तकात सांगितलेले असते. तिचे चुंबकीय क्षेत्र सर्वत्र पसरलेले आहे. मोटारीत लोखंड व पोलाद पुष्कळ असते. त्यामुळे मोटार एखाद्या ठिकाणी येऊन उभी राहिली, की तेथील चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल होतो. होकायंत्राजवळ लोखंडाचा तुकडा नेला, की सुई हलते, तसाच हा प्रकार. भूमीतील यंत्राला हा बदल जाणवे. ते बिनतारी संदेशाने 'गाडी आली' किंवा 'गाडी गेली' असे कळवी. तो संदेश शहराच्या संगणकात जाई आणि तेथून लोकांच्या भ्रमणध्वनीवरील नकाशात दिसे.

ही योजना 'एसएफपार्क' या नावाने २०११ च्या एप्रिल महिन्यात सुरू झाली. रस्त्यावरील सुमारे ७,००० जागा तिच्यात घेतल्या होत्या. शिवाय शहराच्या मालकीचे अनेक मजली वाहनतळही होते. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या केंद्र सरकारने उचलला. रस्त्याला जणू डोळे फुटले आणि ते जे पाहत, ते सर्व नागरिकांना विनामूल्य कळू लागले.

बातमी एक, ऐकणारे दहा

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे कोणासही वाटेल. परंतु येथेच एक गोम आहे. समजा, बाजाराच्या रस्त्यावर एकच जागा मोकळी झाली. ॲपने ती वार्ता तत्काळ दिली. आसपास फिरणाऱ्या दहा चालकांनी ती एकाच वेळी पाहिली आणि दहाही गाड्या तिकडे वळल्या. जागा एकालाच मिळणार. उरलेले नऊ जण निराश होऊन पुन्हा फिरू लागणार. भाकर एकच असेल, तर ती कोठे ठेवली आहे हे दहा भुकेल्यांना सांगून भागत नाही. शिवाय अशी वार्ता फार लवकर शिळी होते. चालक तीन मिनिटांनी तेथे पोहोचतो, तोवर तिसराच कोणी आपली गाडी लावून निघूनही गेलेला असतो. आणखी एक धोका आहे. गाडी चालविताना भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहणाऱ्या मनुष्याचे रस्त्याकडे दुर्लक्ष होते आणि क्षणाच्या दुर्लक्षाने अपघात घडतो. म्हणून असे ॲप घरून निघण्यापूर्वी पाहावे किंवा शेजारी बसलेल्याने पाहावे, हेच योग्य.

तात्पर्य, जागा दाखविण्यापूर्वी ती शिल्लक असावी लागते. शूप यांचे सांगणे हेच होते. प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या राहतील अशी व्यवस्था केली, तर शोधाशोध करण्याची पाळीच येणार नाही. पण गजबजलेल्या रस्त्यावर जागा मोकळी राहावी कशी? त्यासाठी त्यांनी दराचा उपाय सुचविला आणि सॅन फ्रान्सिस्कोने तो अमलात आणला.

हा उपाय एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रस्त्यावर वीस जागा आहेत. त्यांपैकी बारा ते सोळा भरलेल्या असल्या, म्हणजे शेकडा ६० ते ८० भरलेल्या असल्या, तर दर योग्य आहे असे समजावयाचे व तो बदलावयाचा नाही. सोळांहून अधिक भरलेल्या असल्या, तर तासाचा दर पंचवीस सेंटांनी वाढवावयाचा. बारांहून कमी भरलेल्या असल्या, तर तो पंचवीस सेंटांनी उतरवावयाचा. आणि सहाही भरलेल्या नसल्या, तर पन्नास सेंटांनी उतरवावयाचा. काही आठवडे वाट पाहावयाची, पुन्हा मोजावयाचे आणि पुन्हा थोडा बदल करावयाचा. सकाळी, दुपारी व तिसऱ्या प्रहरी गर्दी सारखी नसते. म्हणून दरही वेळेप्रमाणे वेगळे ठेवावयाचे. असे करता करता ज्याला चार पावले चालण्याची तयारी आहे, तो शेजारच्या स्वस्त रस्त्यावर गाडी लावतो. आणि ज्याला घाई आहे, त्याला बाजाराच्या दाराशी जागा मिळते. कोणावर सक्ती होत नाही, पण गर्दी मात्र आपोआप पांगते.

दर वाढणार म्हणून लोकांना प्रथम भीती वाटली. प्रत्यक्षात काही रस्त्यांवर दर चढले, तर काहींवर उतरले. आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले, की एकंदर सरासरी दर किंचित खालीच आला होता. योजनेतील भागांत जागा शोधण्यास लागणारा वेळ लोकांच्या सांगण्याप्रमाणे शेकडा ४३ ने घटला. जेथे ही योजना नव्हती, तेथे तो शेकडा १३ नेच घटला होता. मात्र दराच्या उपायाला एक दुसरी बाजू आहे, हेही विसरून चालणार नाही. श्रीमंताला दर जाणवत नाही आणि गरिबाला तोच दर दूर चालावयास लावतो. म्हणून जेथे असा उपाय योजावयाचा, तेथे बसगाड्या वेळेवर धावतात किंवा नाही आणि पायी जाणाऱ्याला नीट वाट आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते.

यापुढची हकिकत अधिक बोधप्रद आहे. भूमीत पुरलेल्या यंत्रांचे काम २०१३ च्या अखेरीस थांबविण्यात आले. त्याबरोबर रस्त्यावरील कोणती जागा या क्षणी रिकामी आहे, हे सांगण्याची सोयही संपली. परंतु तोपर्यंत मीटरच्या नोंदींवरून गर्दीचा अंदाज कसा बांधावयाचा, हे शहराने शिकून घेतले होते. त्या नोंदींच्या आधारे दर ठरविण्याची पद्धत चालू राहिली आणि २०१८ च्या जानेवारीपासून ती शहरातील सर्व मीटरांना लागू झाली. ज्या गोष्टीचे लोकांना सर्वांत अधिक कौतुक वाटले होते, ती गेली; जी साधी व हिशेबी होती, ती टिकली.

आपली जागा आणि सर्वांची जागा

नगराने रस्त्यावरील जागांचा विचार केला. पण शहरातील सर्वच जागा रस्त्यावर नसते. अँथनी एस्किनाझी हे इंग्लंडमधील तरुण एकदा सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलचा सामना पाहावयास गेले होते. क्रीडांगणाजवळ गाडी लावावयास त्यांना कोठेही जागा मिळेना. तेवढ्यात जवळच्याच एका घरापुढील मोटार उभी करण्याची जागा रिकामी असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. घरमालकाला थोडे भाडे देऊन ही जागा दोन तास वापरता आली असती, तर किती बरे झाले असते, असे त्यांच्या मनात आले. अनेकांच्या मनात असे विचार येतात व विरून जातात. एस्किनाझी यांनी मात्र मायदेशी परतल्यावर २००६ साली त्यावर उद्योग उभारला. ज्याच्या घरापुढे जागा रिकामी आहे, त्याने ती नोंदवावी. ज्याला हवी आहे, त्याने ती भाड्याने घ्यावी. आणि दोघांची गाठ घालून देणाऱ्याने थोडा मोबदला घ्यावा, असा तो व्यवहार होता. पुढे हाच उद्योग 'जस्टपार्क' या नावाने ओळखला जाऊ लागला. दिवसभर ओस पडलेली जागा येथे उपयोगात आली, मालकाला भाडे मिळाले आणि कोणाचेही नुकसान झाले नाही.

सन २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणखी एक ॲप आले. त्याचे नाव 'मंकीपार्किंग'. इटलीतील काही तरुणांनी ते काढले होते. वरवर पाहता त्याची रीतही पहिल्यासारखीच दिसे. रस्त्यावरील जागेत ज्याची गाडी उभी आहे, त्याने 'मी आता निघणार आहे' असे ॲपवर कळवावयाचे. जागा हवी असलेल्यांनी आपापली रक्कम सांगावयाची. जो अधिक रक्कम देईल, त्याच्यासाठी पहिल्याने जागा सोडावयाची आणि पैसे घ्यावयाचे. जागा शोधणाऱ्यांची सोय होत होती आणि सोडणाऱ्यालाही लाभ होत होता. मग यात वावगे ते काय?

शहराचे विधी अधिकारी डेनिस हेरेरा यांनी २०१४ च्या जून महिन्यात त्या संस्थेला हा व्यवहार बंद करण्याची नोटीस दिली. त्या शहराच्या नियमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरील जागा विकण्यास किंवा भाड्याने देण्यास बंदी होती आणि ती मोडणाऱ्यास तीनशे डॉलरपर्यंत दंड होता. आपण जागा विकत नसून केवळ माहिती विकतो, असे ॲप काढणाऱ्यांनी सांगून पाहिले. परंतु पुढच्याच महिन्यात त्यांना तेथील काम थांबवावे लागले.

या दोन उद्योगांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. एस्किनाझी यांच्या व्यवहारात जागा देणारा मनुष्य स्वतःची जागा देत होता. दुसऱ्या व्यवहारात रस्ता सर्व नगराचा होता. त्यावर गाडी उभी करणारा हा केवळ घटकाभराचा पाहुणा होता. पाणपोईवर पाणी पिऊन तृप्त झालेल्या वाटसरूने जाताना मागच्या तहानेल्याकडून आपली पाळी सोडण्याचे पैसे मागावेत, तसाच हा प्रकार झाला. शिवाय असा व्यवहार रूढ झाला असता, तर काम संपल्यावरही लोक अधिक पैशांची वाट पाहत जागा अडवून बसले असते. जागा शोधणाऱ्याचा त्रास कमी करण्यासाठी निघालेल्या ॲपने तो वाढविला असता. मीटरचे पैसेही नागरिकच देतात; पण ते नगराच्या कोशात जातात आणि त्यांचा विनियोग सर्वांसाठी होतो, हा त्यातील फरक आहे.

आपल्या शहरांत

मुंबई व पुणे यांसारख्या शहरांत काही रस्त्यांवर 'पी १' आणि 'पी २' अशा पाट्या लावलेल्या दिसतात. रस्त्याच्या एका बाजूस विषम तारखेला व दुसऱ्या बाजूस सम तारखेला गाड्या उभ्या कराव्यात, असा त्यांचा अर्थ. यात यंत्र नाही, उपग्रह नाही, ॲप नाही. एक पाटी आणि भिंतीवरची दिनदर्शिका एवढीच सामग्री. तरीही प्रत्येकाने हा नियम पाळला, तर अरुंद रस्त्यावरूनही वाहतूक सुरळीत चालते आणि कोणत्याही एका बाजूच्या रहिवाशाला किंवा दुकानदाराला रोजचा उपद्रव होत नाही. मात्र एकाने 'पाचच मिनिटांचे काम आहे' असे म्हणून दुसऱ्या बाजूला गाडी लावली, की रस्ता अडतो. मागे रुग्णवाहिका असेल, तर तीही अडते; आणि आतल्या रुग्णाला ती पाच मिनिटे फार महाग पडू शकतात.

पुढे आपल्याकडेही अशी ॲपे घरोघर वापरली जातील आणि ती काढणाऱ्यांत आज शाळेत शिकणारी मुलेमुलीही असतील. त्यांना यंत्रविद्या तर शिकावी लागेलच. परंतु शहरातील भूमी मोजकी आहे, ती मोटारींप्रमाणेच पायी चालणाऱ्यांची, सायकलस्वारांची, फेरीवाल्यांची व खेळणाऱ्या मुलांचीही आहे, हे त्यांनी प्रथम ध्यानात ठेवावयास हवे. कोणती जागा रिकामी आहे, हे यंत्र सांगू शकेल. तिच्यावर हक्क कोणाचा, हे मात्र माणसांनीच एकत्र बसून ठरवावयाचे असते.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ओक्लाहोमा सिटीतील दुकानदारांचे गाऱ्हाणे काय होते? कार्ल मगी यांनी त्यावर कोणती युक्ती काढली?
(आ) भूमीत पुरलेल्या यंत्राला मोटार आल्याचे कसे समजे?
(इ) 'बातमी एक, ऐकणारे दहा' या शीर्षकाचा अर्थ स्पष्ट करा.

२. कारणे द्या.
(अ) सॅन फ्रान्सिस्कोत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे दर ठेवण्यात आले.
(आ) 'मंकीपार्किंग' या ॲपचे काम थांबवावे लागले.

३. हिशेब करा. एका रस्त्यावर चाळीस जागा आहेत. त्यांपैकी छत्तीस भरलेल्या आहेत. पाठात दिलेल्या नियमाप्रमाणे तेथील दर वाढेल, उतरेल की तसाच राहील?

४. पाठातील दोन उद्योगांची तुलना करणारा आठ-दहा ओळींचा उतारा लिहा. 'आपली जागा' व 'सर्वांची जागा' यांतील भेद त्यात दाखवा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : गाऱ्हाणे, खोळंबणे, तात्पर्य, विनियोग, उपद्रव.

६. उपक्रम : शाळेजवळच्या एका रस्त्याच्या कडेला एका वेळी किती गाड्या उभ्या असतात, हे आठवडाभर रोज ठरावीक वेळी पदपथावरून मोजा. मिळालेल्या आकड्यांचे कोष्टक तयार करून वर्गात वाचून दाखवा.